न सापडलेली बाटली

चिमटीकाकू दारू पिऊन पडली होती, असं कुणी तिच्या बेकरीत जाऊन सांगितलं असतं, तर भट्टीवाल्याने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. दारूचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालणारी ही बाई. केकमध्ये रम घालायची ऑर्डर आली की मालकाला तोंडावर सांगायची, ते तुमचं तुम्ही मळा, माझा हात लागायचा नाही. मालकही मुकाट्याने मळायचा. तिच्यासारखं पीठ मळणारं माणूस शोधून सापडलं नसतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आणि तरी त्या दुपारी ती प्यायलेली होती. पोटच्या लेकीने तिला पाहिलं, वाकून तिचं तोंड हुंगलं, आणि मग जे म्हटलं ते ऐकून काकूच्या पायाखालची जमीन सरकली. ते सांगायचंच आहे, पण आधी हे चिमटीचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

काकू पीठ मळायची यंत्रावर, पण पीठ झालं की नाही हे यंत्राला विचारायची नाही. प्रत्येक घाण्यातून चिमटीभर कच्चं पीठ तोडायचं, जिभेवर घोळवायचं आणि गिळायचं. यीस्ट चढलंय का, मीठ बेताचं आहे का, अजून फुगू द्यायचं का भट्टीत लोटायचं, सगळं त्या चिमटीवर ठरायचं. भट्टीवाला कधी चाखायचा तर थुंकून टाकायचा. ही म्हणायची, अन्न थुंकायचं नसतं. पहाटेपासून दुपारपर्यंत घाण्यामागून घाणा आणि घाण्यामागे चिमटी. त्यावरून तिला हे नाव पडलं, आणि तिलाही ते आवडायचं.

ही सवय तिला नवऱ्याने लावली. तिच्या आधी त्याच यंत्रावर तो उभा असायचा. पीठ शिकवलं त्याने, आणि दारूचा तिटकारा शिकवला तोही त्यानेच.

छातीच्या मोठ्या दुखण्यातून उठला, महिनोन्‌महिने औषधं झाली, आणि त्यानंतर बुवाला हे व्यसन जडलं. दुखणं गेलं नि दारू आली, असं काकू शेजारणींना सांगायची. बेकरीतून यायचा तो झोकांड्या खात. आधी उगाच हसायचा, मग उगाच रडायचा, आणि विचारलं की छातीवर हात ठेवून सांगायचा, थेंबसुद्धा घेतला नाही गं. थेंबसुद्धा नाही म्हणे! तोंडाचा भपकारा जिन्यापर्यंत यायचा. काकूने बाटलीसाठी सगळं घर पालथं घातलं. संडासाची टाकी, डाळीचे डबे, गादीचा कापूस, त्याचे बूट, काही म्हणून सोडलं नाही. बाटली कधीच सापडली नाही. लपवण्यात ह्याचा हात धरणारा जगात कुणी नाही, असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिला बायकांमध्ये जरा भाव यायचा.

बाटली सापडेना, तेव्हा तिने लेकीला कामाला लावलं. लेक तेव्हा शाळेत जाणारी, नाक तल्लख. संध्याकाळी बाप दारात आला की तिने त्याचं तोंड हुंगायचं. वास आला तर बापाने बाहेरच्या खोलीत उपाशी निजायचं, नाही आला तर पानावर बसायचं. आणि माणूस तरी केवढा निर्लज्ज! पोरीने सांगायच्या आत स्वतःच उंबऱ्यात वाकायचा आणि तोंड उघडायचा. काकूला त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा तो ह्या वाकण्याचा.

एकदा लेकीला खांद्यावर घेऊन तो जिन्यावरून कोसळला. पोरीचा हात मोडला. त्या दिवशी काकूने त्याची पिशवी भरून दाराबाहेर ठेवली. पुढे तो बेकरीच्या मागे, मैद्याच्या कोठारालगतच्या खोलीत राहिला आणि एका हिवाळ्यात तिथेच गेला. मायलेकींच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मालकाने त्याची जागा काकूला दिली, आणि तिने त्या जागेवर लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावलं, ताठ मानेने जगली.

असो. तर गोष्ट दाढेपासून सुरू होते.

काकूच्या दाढेने उच्छाद मांडला होता. दाढ काढून टाक, असं जावयापासून सगळ्यांनी सांगून झालं. पण काकू दातांच्या डॉक्टरला भ्यायची. औषधांच्या दुकानातून जंतू मारायच्या गोळ्या आणायची, गिळायची, दाढ काही दिवस गप्प बसायची, पुन्हा ठणकायची, पुन्हा गोळ्या. असं किती काळ चाललं ह्याचा तिलाही पत्ता नव्हता. शेवटी दाढ आपली आपणच तुकड्यातुकड्याने पडली आणि काकू म्हणाली, बघा, वाचले की नाही मी.

वाचली कसली. तेव्हापासून तिचं पोट बिघडलं. बेकरी सुटली की गोड चहात बुडवून पाव खायची तिची जुनी रीत, पण आता तो पाव पोटात जाऊन फुगायचा. पोट टम्म, डोकं जड, जीभ अडखळायची. आणि मनाचं तर विचारू नका. ट्रे करपला म्हणून ही बाई, जिने नवऱ्याच्या नावाने टिपूस गाळलं नाही, ती हमसून हमसून रडली. भट्टीवाल्याला एकदा असं काही बोलली की तो दिवसभर जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ही त्याला विचारते, का रे, तोंड का पाडलंयस? तिला आठवतच नव्हतं. सकाळी उठायचं कशासाठी, असं तिला वाटू लागलं. हे कुणाला सांगायचं? वय झालं, असं म्हणून ती कामाला लागायची.

एका गोष्टीने तिचा जीव तगून होता. तिचा नातू. गुटगुटीत, पिठाच्या गोळ्यासारखा गोरापान, त्याला सगळे गोळा म्हणायचे. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुपारी पाळणाघराची बाई गोळ्याला घरी सोडायची, आणि लेक येईपर्यंत काकू त्याला सांभाळायची. लेकीच्या घराची किल्ली काकूच्या कमरेला असायची. दिवसातले तेवढेच तास तिला आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत असं वाटायचं.

त्या दुपारी लेक घरी आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. दूध उतू जाऊन गॅस विझलेला, शेगडीतून वास सुटलेला. काकू ओट्याला टेकून फरशीवर पाय पसरून बसली होती आणि हसत होती. आणि गोळा स्टूल ओढून उघड्या खिडकीपाशी चढला होता. खाली सरळ रस्ता.

लेकीने पोराला कवटाळलं, गॅस बंद केला, मग आईपुढे गुडघे टेकले आणि वाकून तिचं तोंड हुंगलं. काकूला वाटलं ही थट्टा करतेय. लेकीचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी थिजलं.

"बाबाची जागा घेतलीस," लेक म्हणाली, "आता त्याची बाटलीपण घेतलीस?"

काकूने तोंड उघडलं, पण जीभ जड झाली होती. छातीवर हात ठेवून ती कशीबशी म्हणाली की थेंबसुद्धा घेतला नाही. ते शब्द तोंडातून गेले आणि लेक चटका बसल्यासारखी मागे सरली. तिने आईची पिशवी फरशीवर उलटी केली. पावाचे तुकडे, चष्मा, रुमाल, बाकी काही नाही. तिने आईच्या कमरेची किल्ली काढून घेतली. गोळ्याला आता तुझ्या हाती द्यायची नाही, आज नाही आणि कधीच नाही, एवढंच तिने सांगितलं. जावई बिचारा भला माणूस, कामावरून आल्यावर त्याने सासूला घरी पोचवलं.

घरी आल्यावर काकूने काय केलं असेल? तिने स्वतःच्याच घरात बाटली शोधली. संडासाची टाकी पाहिली, डाळीचे डबे उपसले, गादी उसवली. नवऱ्यासाठी जिथे जिथे हात घातला होता, तिथे तिथे आता स्वतःसाठी घातला. खोकल्याच्या औषधाची बाटली हुंगली, व्हिनेगर हुंगलं. काही नाही. बाटली सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. न सापडल्याने तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी पिते, लपवते आणि मला आठवतही नाही, इतकी मी पोचलेली झाले? बाईने आयुष्यभर ज्याचा तिटकारा केला ते तिच्याच अंगातून निघत होतं, आणि येतंय कुठून ते कळत नव्हतं. ती उसवलेल्या गादीवर बसून राहिली.

त्यानंतर ती घरून बेकरी आणि बेकरीतून घर, एवढंच करत राहिली. लेक फोन उचलेना. काकूने पाव खाल्ला की तिचं डोकं जास्तच गरगरायचं, पण दुःखाने असेल असं तिला वाटायचं, आणि दुःखात ती अजून पाव खायची. शेवटी एका दुपारी ती ट्रे काढता काढता भट्टीच्या तोंडाशीच कोसळली. हात पोळला. भट्टीवाल्याने उचलून इस्पितळात नेलं. रक्त तपासलं, तर त्यात दारू, आणि तीही थोडीथोडकी नाही. नर्सने जखम बांधता बांधता सांगितलं, आजी, ह्या वयात सोडा आता.

काकू त्यावर चिडली नाही, रडलीही नाही. तिने डॉक्टरांना हात जोडले आणि म्हणाली, मला एका खोलीत कोंडा, बाहेरून कडी घाला, आणि मी कुठून पिते ते तुम्हीच शोधून काढा.

पिणारा माणूस असं बोलत नाही. पोटाच्या डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेवरच्या पेशंटला तपासत होत्या, त्यांनी ते ऐकलं. त्या काकूपाशी येऊन बसल्या आणि भलतंच विचारू लागल्या. काय खाता? कधी खाता? खाल्ल्यावर किती वेळाने गरगरतं? आधी कसल्या गोळ्या घेतल्या होत्या? दाढेचं ऐकून त्यांनी मान वर केली. चिमटीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. नक्की काही सांगितलं नाही. म्हणाल्या, तुम्ही म्हणता तसंच करू, कोंडू. उद्या सकाळपासून तुम्हाला फक्त साखरेचं पाणी द्यायचं आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यायचं. फक्त एक विश्वासाचं माणूस पहाऱ्याला हवं, म्हणजे उद्या कुणी शंका काढायला नको.

जावयाने निरोप दिला. सकाळी लेक आली. आईकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, मी बसते, मला फसवणं सोपं नाही, लहानपणापासून ह्या कामाला आहे मी.

तिने खोलीची झडतीच घेतली म्हणा ना. उशीची खोळ काढली, खाटेखाली वाकून पाहिलं, आईचा अंबाडा सोडून केसांतून बोटं फिरवली, पोळलेल्या हाताचं बँडेज नर्सकडून नवं बांधून घेतलं. नळाचं पाणी चाखलं. काकू लहान मुलीसारखी हात वर करून उभी राहिली. मग लेकीने खुर्ची दाराला लावली आणि तीवर बसली.

पहिल्या तपासणीत रक्त स्वच्छ निघालं. लेकीने मान हलवली, जणू म्हणत होती की असणारच, आता मी बसलेय ना. मग काकू साखरेचं पाणी प्यायली. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकत होतं. काकूने एकदा विचारलं, गोळा कसा आहे? लेक म्हणाली, बरा आहे.

पुन्हा रक्त घेतलं. नर्सने आकडा पाहिला, लेकीकडे पाहिलं आणि बाहेर गेली. लेकीने विचारलं नाही. पण थोड्या वेळाने काकूच्या गालांवर लाली चढली. तिचं पोट गाऊनखाली फुगलेलं दिसायला लागलं. ती भिंतीकडे बघून हसली आणि मग तिला रडू आलं, आणि का ते तिला कळेना. लेक ताडकन उठली. तिने पुन्हा उशी पाहिली, पुन्हा खाटेखाली पाहिलं, रिकामा पेला हुंगला. खुर्ची दारालाच होती. खोलीत नर्सशिवाय कुणी आलं नव्हतं, आणि ती स्वतः नर्सला वाट देण्यापुरतीच उठली होती.

काकूला काही सांगावं लागलं नाही. तिने पाय खाटेखाली सोडले, लेकीपुढे वाकली आणि तोंड उघडलं.

लेकीने हुंगलं. मग तिने तोंडावर हात घेतला आणि खाटेच्या कडेवर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा पोटात निघाला.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सगळं फोडून सांगितलं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते आणि त्यातले बहुतेक आपल्या बाजूचे असतात. ते अन्न पचवतात, पोट सांभाळतात, आणि मनाचा तोलसुद्धा थोडाफार त्यांच्या हाती असतो, कारण पोटाचं आणि मेंदूचं बोलणं सतत चालू असतं. दाढेच्या गोळ्यांनी काकूची ही वस्ती उजाड झाली. मोकळ्या जागेत रोजच्या चिमटीतलं जिवंत यीस्ट जाऊन बसलं. पाव खाल्ला, साखर खाल्ली, की ते आतल्या आत आंबवायचं आणि दारू करायचं. रडू, राग, विसर आणि जगायचा कंटाळा, त्यातलं बरंच काही ह्याच बिघाडातून आलेलं. हे फार क्वचित होतं, त्या म्हणाल्या, पण होतं. औषध आहे. काही महिने पाव बंद, साखर बंद, भात-बटाटा बंद, चिमटी तर कायमची बंद. अंडी खा, पालेभाज्या खा, दही खा. दाढ दुखली तर दुकानदाराला विचारू नका, दातांच्या डॉक्टरकडे जा.

लेक रडत होती आणि आईचा हात सोडत नव्हती. तिने माफी मागितली, आणि काकूने नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आपण वेड्या नाही, आपण पीत नाही, गोळा आपल्याला परत मिळणार, ह्यातच काकूचा जीव भांड्यात पडला होता. मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, कच्चं पीठ गिळायची ही सवय तुम्हाला लावली कुणी?

काकू म्हणाली, नवऱ्याने.

लेकीने हळूहळू मान वर केली. काकूला छातीचं दुखणं आठवलं, ती महिनोन्‌महिन्यांची औषधं आठवली. दुखणं गेलं नि दारू आली. हे वाक्य ती इतकी वर्षं स्वतःच्याच तोंडाने लोकांना सांगत आली होती.

लेकीने डॉक्टरांना विचारलं, एका घरात दोघांना असं होऊ शकतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सांगता यायचं नाही. तोंडाला दारूचा वास येणारी बहुतेक माणसं खरंच प्यायलेली असतात, तेही प्यायलेले असतील. तपासायला माणूसच नाही, तर मी काय बोलू? त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, आणि खोटा आरोपही केला नाही.

औषधाला गुण आला. पोट उतरलं, डोकं निवळलं. सकाळी जाग आली की उठावंसं वाटू लागलं. बेकरीत ती आता पीठ बोटांनी दाबून बघते, नाकाने बघते, तोंडाला लावत नाही, आणि पाव पहिल्यासारखाच होतो. लोक अजून तिला चिमटीकाकूच म्हणतात. तिने मालकाला सांगितलं, ह्या नावाने मला हाक मारू नका. का ते सांगितलं नाही.

ज्या दुपारी लेकीने तिला पुन्हा घरी बोलावलं, त्या दुपारी दारातच किल्ली तिच्या हातात ठेवली. आत गोळा हाका मारत होता. काकूने किल्ली मुठीत धरली, पण आत आली नाही. ती उंबऱ्यातच वाकली आणि तोंड उघडलं.

लेक कळवळली. म्हणाली, "आई, नको गं असं करूस. कोण म्हणतंय तुला?"

काकू वाकलेलीच राहिली. तिला नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीचा कणा दिसत होता, सदऱ्याच्या कॉलरवरचा मैदा दिसत होता, आणि तो रोज संध्याकाळी कशाची वाट बघत तोंड उघडत होता ते दिसत होतं.

"त्यांनाही कुणी म्हणत नव्हतं," ती म्हणाली. "ते स्वतःहून वाकायचे गं. ज्याने बाटली लपवलीय, तो कशाला वाकेल?"

लेक उंबऱ्यावर खाली बसली. गोळा आतून धावत आला आणि दोघींच्या मध्ये उभा राहून आळीपाळीने त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला.